खरखर हवी, पण तळ न गमावता
आज दुपारी सानपाड्याच्या एका सरावखोलीत बास गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मी तीन तास एकटीच बसले होते, आणि कित्येक महिने जिच्या मागे होते ती खरखर अखेर हाती लागली. आजवर मी गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारे बटण) पूर्ण चढवून मास्टर (बाहेर पडणाऱ्या एकूण आवाजाचे बटण) उतरवत असे. त्याने आवाजाला धार यायची, पण ड्रम सुरू होताच बासचा तळच नाहीसा व्हायचा. सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते, आणि आवाज फाटू लागला की वरचे उपस्वर इतके वाढतात की हा मूळ स्वर त्यांच्याखाली दबून जातो. म्हणून आज ओव्हरड्राइव्ह पेडलवरचे (आवाज फाडणाऱ्या पायपेटीवरचे) ब्लेंडचे, म्हणजे फाटलेला आणि स्वच्छ आवाज मिसळण्याचे, बटण निम्म्याहून खाली ठेवले आणि स्वच्छ आवाज सोबत वाहू दिला. बोट हलके पडले की तार गोल, स्वच्छ बोलत होती; जोराने ओढली की तिच्या कडेला बारीक कीस निघाल्यासारखा आवाज येत होता.

१९६९ साली आलेल्या अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या ३०० वॅटच्या बास अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हवर (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांवर) ताण पडला की अशी खरखर आपोआप येते, आणि मला तीच सर्वांत प्रिय आहे.

निव्वळ स्वच्छ आवाजासाठी मात्र, माझी बास अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारी, जोरदार सिग्नल देणारी) असल्याने, आधी अ‍ॅम्पवरचे पॅडचे, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारे, बटण दाबले, जोरातल्या जोरात वाजवूनही क्लिपचा (सिग्नल फाटत असल्याचे सांगणारा) लाल दिवा लागणार नाही इतकाच गेन ठेवला आणि उरलेला आवाज मास्टरने वाढवला. रविवारी हीच मांडणी ड्रमसोबत ऐकायची आहे.