आमची वाटचाल: मोडी ते कुर्रेंट

आजोबा लोकांना जमिनीचे मोडी कागद वाचून द्यायचे. मी कुर्रेंट वाचते, म्हणजे जर्मनची जुनी हस्तलिपी. जर्मन शिकले पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात. ही जुनी लिपी मात्र मैत्रीण आणि मी रात्री जागून घोटली. तिच्याच माळ्यावर आमची फर्म सुरू झाली. एक भिंग, एक टेबललॅम्प आणि संक्षेपांची वही. '७बर' म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. ई आणि एन सारखेच दिसतात, यू ओळखायचा डोक्यावरच्या बाकदार रेघेवरून. ती वही आजही रोज उघडते.

अमेरिकेत गेलेल्या जर्मनांच्या वंशजांसाठी चर्चच्या नोंदी वाचणं हे आमचं काम. पहिली काही वर्षं ते जवळजवळ सगळं एकाच एजन्सीकडून यायचं. तिथेच आम्ही फसलो.

जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातलं एक घराणं होतं. बापाचं आडनाव एक, मुलाचं दुसरं. लग्नाच्या नोंदीत दोन आडनावांच्या मध्ये बारीक 'गेन.' होतं: गेनान्ट, म्हणजे उर्फ. त्या भागात बायकोच्या शेतवाडीवर राहायला गेलेला जावई वाडीचं नाव लावायचा. आम्ही तसं लिहून दिलं. एजन्सी म्हणाली, तुमचं वाचन चुकलंय. सहा महिन्यांची बिलं अडकवली आणि काम दुसऱ्यांना दिलं. त्यांनी आठवड्यात भलत्याच बापाची वंशावळ जोडून दिली! मैत्रिणीने नोकरी धरली. मी बांगड्या मोडून भाडं भरलं.

ती वंशावळ ज्यांची होती त्या मिलवॉकीच्या आजींना मात्र ती पटेना. आमच्या टिपणाखालचं नाव शोधून त्यांनी थेट मलाच लिहिलं. पुढे त्यांच्या चर्चमधली कितीतरी कुटुंबं आमच्याकडे आली. फर्म तगली ती आजींमुळे.

या वाटेला येणाऱ्यांना सांगते, जर्मनीत उडी मारू नका. आधी अमेरिकेतल्या चर्चची दफननोंद काढा, गावाचं नाव बहुधा तिथे सापडतं. जनगणनेत नुसतं 'हॅनोव्हर' दिसलं तर शहर समजू नका, १८६६ पर्यंत ते राज्य होतं. हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या मिळतात. ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या, त्यांच्यामागे वर्ष घालवू नका.

आजींचा नातू त्या वाडीवर जाऊन आला. दारावरच्या तुळईत नवराबायकोची नावं कोरलेली आहेत, नवऱ्याच्या नावात तेच 'गेन.' आहे. तो फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. एजन्सीने अडकवलेले पैसे अजून आलेले नाहीत.