आठ इंची व्हाईस आणि लपलेली पिन

धुळ्यात मे महिन्यात लोखंडाचं काम सकाळी अकराच्या आत उरकावं लागतं. नाहीतर उन्हात पडलेल्या जॉबला हात लावला की फोड आलाच. त्यामुळे अवधान एमआयडीसीतल्या माझ्या शेडसमोर भर दुपारी ट्रॅक्टर थांबला तेव्हा मी आधी ड्रायव्हरला पाणी दिलं आणि मग ट्रॉलीत डोकावलो. मुरमावर, गोणपाटात गुंडाळलेला एक व्हाईस, म्हणजे जॉब जबड्यात आवळून धरायचा शिकंजा, आडवा पडला होता. जबडा ८ इंची. उतरवायला चौघे लागले. काट्यावर ६१ किलो भरला.

पाठवणाऱ्या ताई पारोळ्याकडच्या एका जुन्या जिनवाल्या घरातल्या. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे तो पैसा खेळला. मागोमाग रेल्वे आली, मग गावोगाव जिन-प्रेसच्या चिमण्या उभ्या राहिल्या. आता त्यातल्या बऱ्याच जागांवर प्लॉट पडलेत, नाहीतर लग्नाची लॉन्स झालीत. ताईंचंही लॉन्सच होतं. शेड पाडताना मिस्त्रीखोलीच्या कोपऱ्यात हा व्हाईस सापडला, भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला बसला होता, तो ताईंनी अडवला. एवढ्यासाठी मी त्यांना मानतो.

जिनमध्ये असला व्हाईस कशाला, असं माझ्या शेडमधल्या पोराने विचारलं. आयटीआय झालेला पोरगा, पण जिन आतून पाहिलेली नाही. रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर फिरतो, एक सुरी त्याला टेकून बसलेली असते आणि दुसरी खालीवर हलते. रोलर रुई ओढून नेतो, सरकी सुरीपाशी अडते आणि हलती सुरी तिला झटकून टाकते. चामडं झिजतं, खाचा बुजतात, सुऱ्यांच्या कडा जातात. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की थांबायला वेळ नसतो, त्यामुळे दुरुस्तीचं सगळं काम उन्हाळ्यात. अशा लांब सुऱ्या सरळ धरायच्या तर जबडा मोठाच लागतो.

ताईंचं म्हणणं साधं होतं. फोनवर म्हणाल्या, "काका, चालू नाही झाला तरी चालेल. एंट्रीला ठेवायचाय. छान काळा रंग द्या आणि कडा सोनेरी करा."

मी म्हटलं, "ताई, आतला गंज तसाच ठेवून वरून रंग मारला तर पहिल्या पावसात रंग फुगून वर येईल. खोलावा लागेल."

"खोलायचे वेगळे पैसे?"

"रंगात धरा."

धंद्याच्या दृष्टीने हे बोलणं बरोबर नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण जो व्हाईस आवळत नाही तो नुसता बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ठोकळा, आणि ठोकळ्याला रंग मारून द्यायला रंगारी पुष्कळ आहेत.

ज्यांनी व्हाईस कधी उघडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागची बॉडी बेंचला बोल्टने बसते आणि हलत नाही. पुढचा जबडा एका लांब पोकळ दांड्यासकट बॉडीतून मागेपुढे सरकतो. त्या पोकळीतून स्पिंडल जातो. स्पिंडलचे चौकोनी आटे एका नटात चालतात, आणि तो नट बॉडीच्या तळाला पक्का असतो. हँडल फिरवलं की नट जागचा हलत नाही, म्हणून स्पिंडल सरकतो आणि आपल्याबरोबर जबड्याला ओढतो. सगळा खेळ नट जागेवर राहण्याचा.

आमच्या व्हाईसचा जबडा तीन बोटं उघडा राहून अडकला होता. स्पिंडल फिरेना, जबडा सरकेना. बॉडीवर रंगाचे थर, त्याखाली "मेड इन इंग्लंड" एवढीच ओतीव अक्षरं. कंपनीचं नाव नाही. शेफील्डची रेकॉर्ड आणि यॉर्कशरच्या शिप्लीची पार्किन्सन, ही दोन नावं जुन्या फिटरांच्या तोंडी असायची. पोराने रेकॉर्डचा तो ओळखीचा निळा सापडतो का म्हणून थर खरवडले, तर खाली राखाडी निघाला. बिचारा हिरमुसला.

रॉकेल आणि डिझेल मिसळून सगळ्या फटींत मुरवलं (रॉकेल आता शोधून आणावं लागतं, तो वेगळाच त्रास). रोज सकाळी थोडं ओतायचं, लाकडी ठोकणीने हलकेच टपटप करायचं आणि सोडून द्यायचं. या कामात घाईचा उपयोग नसतो. मग खालून नटाचा बोल्ट काढला. तो गॅसवर तापवून, थंड होऊ देऊन, पुन्हा तापवून एकदाचा सुटला. बोल्ट निघाला की नट, स्पिंडल आणि जबडा हे सगळं बिऱ्हाड एकत्र पुढे ओढून काढता येतं, स्पिंडल नटात अडकलेला असला तरीही. निदान तशी अपेक्षा असते.

नट तसूभर हलला नाही.

पोराने घण उचलला. "जिभाऊ, एकच घाव देस. निंघी जाई."

"ठोकू नको भो. बीड शे, तुटी जाई."

बिडाचं असं आहे की दाबलं तर ते वाटेल तेवढं सोसतं, ओढलं की मोडतं. आत ग्राफाइटच्या बारीक पापड्या असतात आणि ताण आला की चीर त्यांच्या कडेकडेने धावते. व्हाईसची बॉडी म्हणजे दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये पोकळी. मागून घाव घातला तर आतलं अडकलेलं लोखंड त्या भिंतींना बाहेर ढकलणार, म्हणजे नेमका ताणच. एवढी वर्षं टिकलेली वस्तू एका घावात दोन तुकडे होऊन पडली असती आणि मग मी बिडाचं वेल्डिंग करत बसलो असतो. ते होतं, नाही असं नाही. टाकणखार लावून पितळी ब्रेझिंग करायचं, आधी सगळा जॉब तापवायचा, नंतर राखेत पुरून हळूहळू निववायचा. पण मुद्दाम ओढवून घ्यावं असं ते काम नाही.

मला वेगळाच संशय होता. बॉडीच्या तळाच्या भागात, जिथे नटाचं पाऊल बसतं तिथे, बाहेरच्या अंगाला रंगात एक केसासारखी रेघ दिसत होती. चीर असेल तर आधी कळायला हवी. मशीनवाले आता त्यासाठी लाल रंगाचा स्प्रे वापरतात. आमच्याकडे जुनी रीत चालते, रॉकेल आणि खडू. जागा घासून स्वच्छ करायची, रॉकेल चोपडायचं, मुरू द्यायचं, मग फडक्याने कोरडी ठाक पुसायची आणि वरून खडूची पूड चोळायची. चिरेत शिरलेलं रॉकेल पाझरून वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते.

सकाळची वेळ होती, पत्रा अजून तापला नव्हता. खडू चोळून मी चहाला वळलो, तेवढ्यात पोरगा ओरडला, "हाई ते गोल शे, जिभाऊ!"

खडूवर रेघ नव्हती. करंगळीच्या नखाएवढं, कंपासने काढल्यासारखं वर्तुळ होतं. चीर कधी गोल जात नाही. व्हाईस आडवा केला, दुसऱ्या अंगालाही खडू मारला. तिथेही वर्तुळ, पण जरा लहान. कॉलिपर लावला. एका बाजूला साडेदहा मिलिमीटर, दुसरीकडे नऊला किंचित कमी. मधलं अंतर तीन इंच.

आता सगळं जुळलं. इकडून तिकडे टेपर पिन, म्हणजे एका टोकाकडे निमुळती होत जाणारी पिन, ठोकलेली होती. इंग्लिश मापाच्या टेपर पिनेला फुटामागे पाव इंच उतार असतो, म्हणजे ४८ ला १. मेट्रिकला ५० ला १. तीन इंचांत फरक साधारण दीड मिलिमीटरचा यायला हवा, तेवढाच आला होता. कुणीतरी बॉडीतून आणि नटाच्या पावलातून आरपार भोक पाडून, ते निमुळतं करायला टेपर रीमर हाताने फिरवून, पिन ठोकून, दोन्ही टोकं कानशीने बॉडीबरोबर इतकी सपाट केली होती की बोट फिरवलं तरी कळू नये. तीन इंच बिडातून आणि नटातून हाताने रीमर चालवायचा म्हणजे खांदे भरून येतात. मी केलंय, म्हणून सांगतो.

टेपर पिन बारीक टोकाकडून ठोकली तर सुटते, जाड टोकाकडून ठोकली तर आणखी घट्ट बसते आणि भिंतीला फोडते. वर्तुळं मापली नसती तर निम्मी शक्यता फोडण्याची होती. बारीक बाजूला पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) लावला, पोराच्या हातात दोन पौंडी हातोडी दिली आणि म्हटलं, आता मार. सुरुवातीला नुसता ठण ठण आवाज येत राहिला. मग एका घावाला आवाज बदलून बद्द झाला. फिटरला तो आवाज पैशापेक्षा गोड लागतो. पिन बाहेर आली ती मध्यभागी अजून चकचकीत होती. आत गंजाला शिरायला जागाच नव्हती.

बाकीचं काम जॅकने केलं. मागे पट्टी बांधून बॉटल जॅक दांड्याच्या टोकाला लावला आणि हळूहळू दाबत गेलो. किरकिर करत, लाल भुकटी सांडत, सगळं बिऱ्हाड पुढे आलं.

नट पुसला आणि मी चहा विसरलो. लाल-पिवळा रंग, गनमेटल, म्हणजे तांब्या-कथलाचा मिश्रधातू. असल्या व्हाईसचा मूळचा नट सहसा बिडाचा असतो, म्हणजे मूळ नट कधीतरी फुटला होता आणि जिनच्या मिस्त्रीने नवा बनवला होता. नुसता बनवून तो थांबला नाही. एका बोल्टवर बसलेला नट जोर आला की पुढेमागे डुलणार, आणि त्या डुलण्यानेच पहिला गेला असणार, हे त्याने ओळखलं होतं, म्हणून आडवी पिन घातली. नटाच्या पावलावर आणि बॉडीच्या आतल्या कडेला सेंटर पंचाची तीन-तीन टिंबं समोरासमोर मारलेली होती, पुढच्या माणसाने नट उलटा बसवू नये म्हणून. पुढचा माणूस म्हणजे मी. नाव, तारीख काही नाही. आम्ही फिटर लोक सही करत नाही, टिंबं मारतो.

नटात अडकलेला स्पिंडल सोडवायला गनमेटलचाच फायदा झाला. गनमेटल लोखंडापेक्षा दीडपट प्रसरण पावतं. नट चहूबाजूंनी सारखा तापवला, आत स्पिंडल तुलनेने थंड, आणि पाइपाचा जोर लावल्यावर तो फिरला.

आता खरा प्रश्न आला. स्पिंडलचे पुढचे आटे झिजून बारीक झालेले, मागचे जवळपास नव्यासारखे. जगातल्या सगळ्या व्हाईसचं हेच होतं, कारण बहुतेक जॉब दोन-तीन इंचांच्या आतले असतात आणि आवळण्याचा सगळा जोर त्याच आट्यांवर येतो. पोरगा म्हणाला, नवा नट करू, खेळ (आट्यांतला ढिलेपणा) जाईल. पण नवा नट झिजलेल्या आट्यांना घट्ट बसेल असा केला तर मागच्या कोऱ्या आट्यांत अडकेल, आणि मागच्याला बसेल असा केला तर पुढे खेळ राहीलच. मग स्पिंडलही नवा करावा लागतो, आणि स्पिंडल, नट दोन्ही नवे म्हटल्यावर जुनं उरलं काय? जुन्या नटात हँडलला पाव फेऱ्याचा मोकळा खेळ होता. आवळल्यावर पकड पूर्ण येत होती. नट तोच ठेवला, पिनही तीच घातली, टिंबं जुळवून. एवढंच की या वेळी पिनेचं जाड टोक मी एक मिलिमीटर बाहेर ठेवलं. सपाट करण्यात त्याची सफाई दिसली, पण पुढच्याला पिन दिसायलाही हवी.

गंज काढण्याबद्दल फार लिहीत नाही. बॉडी आणि जबडा प्लास्टिकच्या ड्रममध्ये धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जर लावला. वजा तार जॉबला, अधिक तार सळईला. सळईच्या जागी स्टेनलेसचा तुकडा टाकणारे लोक आहेत. तसं करू नका, त्यातला क्रोमियम पाण्यात उतरतो आणि ते पाणी विषारी होतं. ड्रम वेल्डिंगपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवायचा, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. जबड्याच्या दातेरी प्लेटा मात्र ड्रममध्ये टाकल्या नाहीत. त्या कडक केलेल्या पोलादाच्या, हायड्रोजन शिरला की ठिसूळ होतात. वायर ब्रशने साफ केल्या. स्क्रू काढतानाही तिथे गॅस लावू दिला नाही, नाहीतर पाणी उतरून प्लेट मऊ पडते.

रंगावरून ताईंशी थोडं वाजलं. मी राखाडी दिला होता, थरांखाली निघाला तोच. त्यांना सोनेरी कडा हव्याच होत्या. शेवटी "मेड इन इंग्लंड"ची अक्षरं तेवढी सोनेरी झाली. सरकणारा दांडा आणि आटे कोरेच, नुसतं ग्रीस. पाहुण्यांच्या कपड्यांना लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, मग पाहुण्यांना लांब उभं करा.

बसवायला मी स्वतः गेलो. काँक्रीटच्या ओट्यावर चार बोल्टांनी पक्का केला, एका बोटाने हँडल फिरवून दाखवलं. ताई खूश झाल्या आणि पैसेही ठरल्यापेक्षा जास्त दिले, ते मी घेतले.

लग्नसराईत त्यांचा फोन आला. पोरं हँडल फिरवतात, कुणाचं तरी बोट अडकेल, हँडल काढता येईल का? मी सांगितलं, एका टोकाचा गोळा आट्यांचा आहे, डावीकडे फिरवून काढा आणि दांडी ओढून घ्या. त्यांनी तसं केलं आणि दांडी दिवाणजीच्या टेबलात ठेवून दिली. ती तिथे दोन लग्नं टिकली. मग मांडववाला आला, त्याचे दोन पाइप वाकले होते, आणि दारातच ८ इंची व्हाईस पाहून तो हँडल मागायला सरळ दिवाणजीकडे गेला.