काळा शर्ट आणि सल्लागार मंडळ

काळा शर्ट मला शोभतो, असं लग्नाआधी एकदोघांनी सांगितलं होतं. तरी माझ्या कपाटात सगळे शर्ट आकाशी, बदामी आणि दुकानदार ज्याला 'ऑफ व्हाईट' म्हणतो त्या रंगाचे. त्याचा आवडीशी काही संबंध नाही. कोंडा असलेला माणूस शर्ट घेताना आधी खांदे बघतो, मग किंमत.

तसा हा निरुपद्रवी आजार. कोंड्यासाठी कुणी रजा टाकत नाही, कुणी शहाळं घेऊन भेटायला येत नाही. पण सल्ल्यांच्या बाबतीत तो मधुमेहालाही मागे टाकेल. मूळव्याध असती तर लोक निदान हळू आवाजात बोलले असते. कोंड्याबद्दल भरल्या लिफ्टमध्ये बोलतात. आधी दोन बोटांनी तुमचा खांदा झटकतात, मग "कोंडा झालाय वाटतं," असं म्हणतात, आणि उत्तराची वाट न बघता उपाय सांगायला लागतात. ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "सर, दही लावा. आंबट पाहिजे हं, ताजं नको." शेजारचे काका लिंबूवाले. अर्धं लिंबू कापायचं, त्यावर साखर पेरायची आणि टाळूवर खसाखसा चोळायचं. सासूबाईंचा फोन आला तो कापूर घेऊन: "तुम्ही असं करा, खोबरेल कोमट करा, त्यात भीमसेनी कापूर विरघळवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बघा." सकाळी मी बघितलं. उशीचा अभ्रा बघितला.

सलूनमध्ये तर सुटकाच नाही, कारण तिथे मान दुसऱ्याच्या हातात असते. कारागीर कंगवा टाळूवरून एकदा जरा दाबून ओढतो, तो तुमच्या डोळ्यांसमोर धरतो आणि थोडा थांबतो. ते थांबणं फार शिकलेलं असतं. मग म्हणतो, "साहेब, डँड्रफ लई आहे." शेजारच्या खुर्चीतला अर्धी दाढी झालेला गृहस्थ आरशातून बघतो. आता 'ट्रीटमेंट'ला नाही म्हणणं म्हणजे आपला निष्काळजीपणा चारचौघांत कबूल करणं.

पुण्यात या सगळ्याला आणखी एक शाखा आहे, हेल्मेटची. हेल्मेटविरोधाच्या युक्तिवादांत केस गळणं आणि कोंडा होणं यांना मानाचं पान असतं. डोकं शाबूत राहिलं तरच त्यावर कोंडा होईल, हा मुद्दा तिथे कुणी ऐकून घेत नाही.

पण मंडळाचं अध्यक्षपद आईकडे, आणि आईचा उपाय मेथी. मेथीचे दाणे रात्री वाटीत भिजत घातले जातात. सकाळी ते टम्म फुगलेले असतात आणि त्यांच्याभोवतीचं पाणी पिवळट, तार सुटणारं. मिक्सरमधून काढून दह्यात कालवले की जे होतं ते चमच्यावरून पडत नाही, घरंगळतं. डोक्याला लावताना गार वाटतं, खरोखर बरं वाटतं. खाज बसते. आई पाठीमागे उभी राहून भांग पाडत, बोटांनी ओळीओळीनं लेप लावत जाते तेव्हा कोंडा आणखी महिनाभर राहिला तरी चालेल असंही क्षणभर वाटतं. पुढे तो लेप वाळतो. वाळला की टाळू आवळतो, कानामागे एक धार सुकून बसते, आणि धुवायला गेलं की दाण्यांची सालं केसांत अडकून राहतात. ती पिवळट सालं पुढचे कित्येक दिवस कंगव्यात येतात आणि रंगानं, आकारानं कोंड्यापासून ओळखू येत नाहीत. उपायानंतर कोंडा वाढला की कमी झाला, हे कळायला काही मार्गच उरत नाही. वर घामाबरोबर मेथीचा वास सुटतो. मीटिंगमध्ये एकानं मला आपुलकीनं विचारलं, "घरी कोणी बाळंतीण आहे का?"

माझी भाची त्वचारोगतज्ज्ञ आहे. घरातल्या डॉक्टरकडे शेवटी जायचं, या नियमानं मी तिच्याकडे शेवटी गेलो. तिनं भिंग लावून बघितलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मामा, तू तेल लावतोस?"

तिनं जे सांगितलं ते असं. बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या टाळूवर एक सूक्ष्म बुरशी राहते, मॅलेसेझिया नावाची. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७४ साली ती कोंड्यात पाहिली, त्याचंच नाव तिला मिळालं. या बुरशीला स्वतःची चरबी स्वतः तयार करता येत नाही, ती यंत्रणाच तिच्यात नाही. त्यामुळे ती आपल्या टाळूच्या तेलग्रंथींतून झिरपणाऱ्या तेलावर जगते. त्या तेलाचे तुकडे करते, हवं ते खाते आणि उरलेलं मागे ठेवते. मागे उरतं ते मुख्यतः ओलेइक आम्ल. काही टाळूंना ते सोसतं, काहींना नाही. ज्यांना सोसत नाही त्यांची कातडी घाईघाईनं गळायला लागते. एरवी त्वचेची पेशी खालून वर यायला आणि सुटून जायला साधारण महिना लागतो, आणि ती एकेकटी जाते म्हणून दिसत नाही. इथे त्या अर्धवट तयार होऊन, एकमेकींना चिकटून, घोळक्यानं निघतात. शर्टावर पडतो तो हा घोळका.

तेलग्रंथी वयात येताना जाग्या होतात, म्हणून लहान मुलांना सहसा कोंडा नसतो आणि दहावीच्या मुलाला तो अभ्यासापेक्षा जास्त छळतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट खपल्या धरतात त्याचं कारणही तेच. आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तेलग्रंथी काही काळ कामाला लागलेल्या असतात. त्या खपल्या पुढे आपोआप जातात, आणि श्रेय टाळू भरणाऱ्या आजीला मिळतं.

"आणि प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल ना," भाची म्हणाली, "तर ताटलीत वरून ऑलिव्हचं तेल घालतात."

मी आईकडे बघितलं. आई भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत होती.

तेलाची बाजूही घेतली पाहिजे, कारण त्याच्यावरचा आरोप सरसकट खरा नाही. डोक्यातून पांढरं पडतं त्या सगळ्याला आपण कोंडा म्हणून एकाच पोत्यात घालतो. थंडीत पायाच्या नळ्यांवर नखानं रेघ ओढली तर पांढरी उमटते, तेव्हा टाळूही तशीच कोरडी झालेली असते. तिचा भुगा बारीक आणि सुका असतो. गीझरचं कढत पाणी, रोजचा साबण आणि सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी यांनी तो वाढतो. जड पाण्यात साबण फुटतो आणि त्याची पांढरी साय केसांत राहते, ती वेगळीच. अशा डोक्याला तेलानं बरं वाटतं. खऱ्या कोंड्याचे पापुद्रे मोठे, तेलकट, जरा पिवळट असतात. खाज असते. कधी भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही लाली धरते. त्या डोक्याला रात्रभर तेल लावून ठेवणं म्हणजे बुरशीची पंगत वाढणं. काका आणि सासूबाई दोघंही आपापल्या अनुभवावर ठाम असतात, आणि दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे. त्यांची डोकी वेगळी होती, इतकंच.

खोबरेलाचा गुण आहे तो केसांवर. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी दाखवलं की धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसांतलं प्रथिन कमी झडतं, आणि सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल लावून ते साधत नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनही प्रयोग मानण्याजोगा आहे. पण तो केसाचा. केस ज्या जमिनीतून उगवतो तिचा प्रश्न वेगळा.

आजी तेल चपचपीत लावायची, मग तिच्या वेळी काय होत होतं? मला वाटतं, तिच्या उपायाचे दोन भाग होते आणि आपण सोपा तेवढा ठेवला. दुसरा भाग शिकेकाईचा. काष्ठौषधीच्या दुकानातून शेंगा यायच्या, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा. संत्र्याच्या साली घरच्याच, गच्चीवर वाळवलेल्या. रिठे फोडून आतल्या काळ्या गुळगुळीत बिया आम्हा मुलांना खेळायला मिळायच्या. सगळं रात्री भिजायचं, सकाळी उकळायचं, कुस्करून गाळायचं. शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन असतं, त्याचा फेस होतो आणि तो तेल धरून नेतो. आजीचं न्हाऊ घालणं अर्धा तास चालायचं. ती डोकं इतकं चोळायची की मान गदगदायची. त्यातून टाळूवर कसली बुरशी तग धरेल आणि कसला पापुद्रा? डोळ्यांत गेलं की आग आग व्हायची, आणि त्या आगीवर घरगुती उपाय एकच होता, पाठीत धपाटा.

ते परत यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. गाळूनसुद्धा शिकेकाईचा चोथा केसांत राहायचा आणि डोकं वाळायला दुपार व्हायची. पण आता आपण शनिवारी रात्री आजीइतकं तेल लावतो आणि रविवारी सकाळी शाम्पूच्या एका पुडीत उरकतो, तेही बाहेरून कुणी दार वाजवत असताना. सोमवारी भांग नीट बसावा म्हणून पुन्हा दोन थेंब. मग म्हणायचं, घरगुती उपायांत पूर्वीचा गुण राहिला नाही.

दुसरी खोड झोंबण्याची. आपल्याकडे औषध झोंबलं नाही तर ते लागू पडतंय यावर विश्वास बसत नाही. लिंबाचं यश बरंचसं त्यात आहे. खाजवून सोललेल्या टाळूवर ते आम्ल पडलं की टाचा उचलल्या जातात, आणि काका म्हणतात, "बघ, काम चालू झालं." लिंबाचा रस अंगावर असताना उन्हात गेलं तर कातडीवर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. म्हणजे 'लिंबू लावून कोवळ्या उन्हात बस' हा सल्ला प्रेमाचा असला तरी नाकारण्याजोगा आहे. बेकिंग सोड्याचंही तेच, फक्त उलट्या टोकाला. त्वचा स्वभावानं किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी. चोळून खपल्या निघतात, त्यांच्याबरोबर बरंच काही निघतं.

गंमत म्हणजे सल्लागार मंडळानं जो उपाय मला एकदाही सुचवला नाही, त्यावर थोडाबहुत अभ्यास झालेला आहे. मध! २००१ साली दुबईतल्या एका डॉक्टरांनी तीस रुग्णांना कोमट पाण्यात थोडा सैल केलेला कच्चा मध दिवसाआड टाळूला चोळायला आणि तीन तास ठेवून धुवायला सांगितलं. आठवड्याभरात खाज गेली, खपल्याही गेल्या. ज्यांनी पुढे लावणं सोडलं त्यांच्यातल्या बहुतेकांचा त्रास परत आला. अभ्यास लहान आहे, पण निदान आहे तरी. आमच्या घरात मात्र मध डोक्याच्या वाऱ्याला उभा राहू शकत नाही, कारण मधानं केस पांढरे होतात, हे आईला लहानपणापासून माहीत आहे. माझे केस मध न लावता पांढरे झालेत, हा पुरावा ती ग्राह्य धरत नाही. मुंग्यांचा विचार मी स्वतःही केला आणि वाद वाढवला नाही.

आयुर्वेदवाल्या मित्रानं मध्येच सुश्रुत काढला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'दारुणक' म्हणून दिलं आहे ते हेच: टाळू खाजते, रूक्ष होते, फुटते, आणि कारण कफ आणि वात. कफाचा ओशटपणा आणि वाताचा रूक्षपणा एकाच डोक्यावर, हे वर्णन भाचीलाही आवडलं.

तिनं शेवटी लिहून दिलं ते साधं होतं. किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि लावल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवायचा. बहुतेक लोक इथे चुकतात म्हणे, लावतात आणि लगेच ओततात. डोक्यावर फेस घेऊन, डोळे मिटून, बादलीसमोर पाच मिनिटं बसून बघा. आंघोळीचं पाणी गार होतं, गॅसवर दूध ठेवलेलं आठवतं. कोंडा कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो, हेही तिनं स्वच्छ सांगितलं. तेलाबद्दल तडजोड झाली. रात्रभर नाही, न्हाण्याआधी तासभर, तेही आईच्या हातून. भाचीनं ही सवलत माझ्यासाठी दिली की तिच्या आजीसाठी, मी विचारलं नाही.

हळूहळू खांदे स्वच्छ झाले. परवा आई कोल्हापूरच्या मावशीला फोनवर उपाय सांगत होती. मावशीच्या नातवाच्या डोक्यात फार झालाय म्हणे. "अगं, खोबरेल कोमट करायचं, कढत नाही. बोटांनी मुळाशी जिरवायचं, तासभरच ठेवायचं, जास्त नाही. आमच्या ह्याचा एवढा जुना, पार गेला." मावशीनं पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "धुवायचं ना, धुवायचं. त्याला काय, कुठल्याही शाम्पूनं चालतं."