आक्का दूध पीत नव्हती

आमच्या चौकात आक्काचा फ्लेक्स अजून आहे. मंडळाच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी लावला, भावपूर्ण श्रद्धांजली, मायेचा सागर, त्यागमूर्ती वगैरे, आणि फोटो आधार कार्डावरचा घेऊन असा काय गोरा केलाय की मला पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याच कुणाचा लागलाय. आक्का म्हणजे माझी आज्जी, पप्पांची आई. पप्पा, काका आणि आत्या आक्का म्हणायचे म्हणून आम्ही नातवंडं पण आक्काच म्हणायचो. 78 वर्षांची होती.

फोटोचं जाऊंदे, मी अडकले त्या त्यागमूर्तीवर. कारण आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून सगळ्यांना पाठ होती, की आक्कानं जन्मभर दूध विकलं पण स्वतः मात्र कोरा चहा प्याली, का तर पोरांच्या तोंडचं दूध कमी व्हायला नको. मी शाळेत 'माझी आज्जी' निबंधात हेच लिहिलेलं आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवलेला. तर दिवसकार्याला कुणीतरी हीच गोष्ट डोळे पुसत सांगायला लागलं आणि आत्याला भर पंगतीत हसू फुटलं. म्हणाली, "कसला त्याग, तिला दुधाचा वासच सोसायचा न्हाई. ल्हानपणी चीक लई खाल्ला आणि ओकली, तवापासनं दूध बंद."

म्हणजे बघा, ज्याचा वास सोसत नाही त्यात ही बाई रोज पहाटे चारला उठून हात घालून बसायची. संध्याकाळी परत. मला तर निबंधापेक्षा हे जास्त भारी वाटलं.

आमचा आज्जा संध्याकाळी म्हशी घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर असायचा. बाहेरच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात कट्ट्यावर म्हस समोर उभी असते, तुमच्या डोळ्यादेखत धार काढतात आणि फेसाचा ग्लास हातात देतात, तिथंच उभं राहून प्यायचा. आज्जा गेला तेव्हा पप्पा सहावीत, आत्या चौथीत आणि काका अजून मांडीवर. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का स्वतः कट्ट्यावर. तेव्हा तिथं बाई उभी राहायची नाही, भावकीतल्या दोघा-तिघांनी येऊन सांगितलं पण, हे बरं दिसत न्हाई. ती म्हणाली, मग तुम्ही घाला रतीब आणि पैसे मला आणून द्या. परत कुणी आलं नाही.

तालमीतली पोरं यायची, एकेक जण चार-चार ग्लास प्यायचा आणि उधारी ठेवायचा. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. रतीबाचा हिशोब गोठ्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी, अर्ध्या लिटरला आखूड रेघ, लिटरला लांब, खाड्याला फुली. एका दिवाळीला पप्पांनी, वय वर्षं तेरा, आईला मदत म्हणून ती भिंत चुन्यानं झकास रंगवून ठेवली. आक्का आली, बघितलं, एक सणसणीत दिली आणि मग तिथंच बसून चौदा घरांचा महिन्याचा हिशोब तोंडपाठ सांगितला आणि पप्पांना वहीत उतरवायला लावला. पप्पा म्हणतात मी पुढं बँकेत लागलो ते त्या रात्रीमुळं.

आता सगळं गोड गोड नको. साय नातवांना आणि नातींना ताक, हे आमच्या घरात चालायचं आणि त्यावरून मी तिच्याशी कडाकडा भांडलेय. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायला तिनं तिची चंद्री विकली, हे खरं, पण ते तिनं गुपचूप पोटात ठेवलं असं अजिबात नाही. प्रत्येक सुट्टीत आल्यावर विचारायची, "पास झालीस न्हवं? माझी चंद्री गेलीया त्यात." एकदा माझा एक विषय राहिला तर आठवडाभर माझं नाव न घेता त्या म्हशीचे गुण सांगत बसली, सहा लिटर द्यायची, लाथ कधी मारली न्हाई, असलं जनावर परत मिळायचं न्हाई.

आणि ती बोलायची कोल्हापुरी बायकांसारखं, मी आलो, मी जातो, मी जेवलो. मी पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी "मी येतो" म्हणाले आणि अख्खी रूम हसली, तेव्हापासून पुण्यात येते आणि घरी येतो, असं माझं चाललंय. फोनवर चुकून "येते" गेलं की आक्का विचारायची, कोण बोलतंय?

पावसाळ्यात तिचा एकच प्रश्न असायचा, "किती फूट झालं?" पंचगंगा 39 फुटाला इशारा पातळी आणि 43 ला धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण माहीत असतं, पण आक्का टीव्ही-बिव्हीच्या भरवशावर राहायची नाही, स्वतः घाटाकडं जाऊन बघून यायची. 2019 च्या ऑगस्टात नदी 55 फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी शिरायला लागलं, सगळे निघाले, आक्का म्हणाली म्हस येत असंल तर मी येतो. शेवटी पप्पा आणि काकांनी म्हस चालवत राजारामपुरीला आत्याच्या अपार्टमेंटवर नेली आणि पार्किंगमध्ये बांधली. सोसायटीत ही बोंब! वास येतोय, डास होतील, सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. मग हायवे बंद झाला, शहरात दूध मिळेना, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये लोक पातेली घेऊन उभे. आक्कानं आधी तान्ही पोरं असलेली घरं कुठली ते विचारून घेतलं, त्यांना दिलं, मग बाकीच्यांना पावपाव लिटर. दर एक रुपया वाढवला नाही. सेक्रेटरींचे पैसेच घेतले नाहीत, म्हणाली हे पार्किंगचं भाडं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं म्हणे.

दिवाळी पाडव्याला सगळे म्हशी सजवून बाहेर काढतात, शिंगं रंगवायची, मोरपिसं, घुंगरं, आणि पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या गाड्यांच्या मागनं म्हशी पळवायच्या. आक्काला त्या पुंगळीचा भयंकर राग. ती नुसती पुढं चालायची, हाक पण मारायची नाही, आणि म्हस तिच्या मागनं.

शेणी, म्हणजे गोवऱ्या, मात्र ती शेवटपर्यंत थापायची. परसातल्या भिंतीवर तिच्या पाच बोटांचे ठसे उठलेल्या शेणींच्या ओळी. आमच्याकडं पंचगंगा स्मशानात महापालिका मोफत दहन करते, त्यासाठी लोक होळीला शेणी दान देतात, तशी आक्का पण दरवर्षी हातगाडी भरून पाठवायची. पाठवताना म्हणायची, "माझ्याच कामाला येतील, नीट वाळलेल्या बघून टाकतो."

त्या दिवशी तिथं रचलेल्या शेणींकडं मी बघत होते. सगळ्यांवर बोटं होती. कुणाची ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून आम्ही घरी आलो तर गोठ्यात वेगळाच प्रकार. आक्का गेल्यापासून म्हस पान्हवतच नव्हती. पप्पांनी पेंड ठेवली, काकांनी गूळ दिला, शेजारच्या गवळ्यांना बोलावलं, काही नाही, हात लावला की अंग चोरायची. कास दगडासारखी झालेली. मग आईनं आतनं आक्काचं गोठ्यातलं जुनं पातळ आणून दिलं, न धुतलेलं. पप्पांनी, वय वर्षं 61, नुकतंच मुंडण केलेलं, ते अंगाभोवती गुंडाळलं आणि बादली घेऊन खाली बसले. आम्ही कुणी हसलो नाही. म्हशीनं मान वळवून वास घेतला, बराच वेळ घेतला. मग बादलीत धार वाजली.

दीड लिटर दिलं. एका वेळेला तीन द्यायची.

पप्पा पातळाची घडी घालत म्हणाले, "हे धुऊ नका. संध्याकाळी परत बघतो."