काळ्या घोड्याजवळची कारागिरांची लायब्ररी

मुंबईच्या काळा घोडा भागात जहांगीर कलादालनातून बाहेर पडलं की समोर पिवळसर दगडाची, टोकदार कमानींची इमारत दिसते. डेव्हिड ससून लायब्ररी. बहुतेक जण फूटपाथवरून फोटो काढतात आणि पुढे जातात. ही वास्तू बाहेरून अर्धीच कळते. आत जा, जिना चढा आणि वरच्या व्हरांड्यात जरा टेका.

मी आणि अण्णा, माझे वडील, ठाण्याहून सकाळच्या गाडीने निघालो. सकाळच मुद्दाम निवडली, कारण इमारतीचं तोंड पूर्वेला आहे. दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो आणि दगडाचा रंग मरतो. सीएसएमटीला उतरून समोर आरामचा वडापाव खाल्ला आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे रमतगमत निघालो. अंतर फार नाही. चालवत नसेल तर आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन आहे, तिथून लायब्ररी अगदी जवळ.

अण्णांनी सगळी नोकरी लेथ यंत्रावर टर्नर म्हणून केली. त्यांना इथे आणायचं खरं कारण तेच. १८४७ साली सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी ही संस्था काढली. यंत्रांचे नमुने आणि इमारतींचे आराखडे एका जागी ठेवायचे, सोबत पुस्तकं ठेवायची, हा त्यांचा बेत. नावही मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. हे सांगितल्यावर अण्णा दारातच थांबले. म्हणाले, "म्हणजे ही आमचीच लायब्ररी की रे!"

स्वतःची इमारत मिळायला मात्र वेळ लागला. १८६०च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मुंबईच्या नव्या दगडी इमारती उभ्या राहू लागल्या. जवळच्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, ते त्या तटावरूनच. शहराच्या मध्यभागी वाचनालय हवं ही कल्पना अल्बर्ट ससून यांची. त्यांचे वडील डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. त्यांनी साठ हजार रुपये दिले, उरलेला भार सरकारने उचलला. एकूण खर्च सव्वा लाख. आराखडा जे. कॅम्पबेल आणि जी. ई. गॉस्लिंग यांचा. १८७० साली इमारत पूर्ण झाली, पण डेव्हिड ससून १८६४मध्येच पुण्यात वारले होते. त्यांनी ही वास्तू पाहिली नाही. ससून घराण्याच्या पैशात कापसाइतकाच चीनला जाणाऱ्या अफूचाही वाटा होता. त्या दानाबद्दल आदर बाळगतानाही हे विसरू नये असं मला वाटतं.

दगड मालाडच्या खाणींतला. जवळ जाऊन पाहा, तो एकसारखा पिवळा नाही. कुठे मधासारखा, कुठे राखाडीकडे झुकलेला, आणि घडाई इतकी नेटकी की अण्णा सांध्यावरून बोट फिरवत राहिले. प्रवेशाच्या कमानीवर डेव्हिड ससूनांचं पांढऱ्या दगडातलं शीर्षशिल्प आहे. आत त्यांचा पूर्णाकृती संगमरवरी पुतळा आहे, थॉमस वूल्नर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. डोक्याला पागोटं, लांब दाढी, पायघोळ अंगरखा. मुंबईत राहूनही त्यांनी बगदादी पेहराव सोडला नव्हता.

लाकडी जिना रुंद आहे, पायऱ्या बेताच्या उंचीच्या. गुडघेदुखी असलेल्या अण्णांनाही कठडा धरून सावकाश चढता आलं. वर वाचनकक्ष आणि त्याला लागून खोल व्हरांडा. या वास्तूचा खरा गुण इथे आहे. युरोपातली टोकदार गॉथिक कमान मुंबईच्या उन्हापावसासाठी कशी वापरावी हे त्या बांधणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. कमानींमागे दाट सावली पडते, वारा खेळतो आणि खालच्या टॅक्सींचा गोंगाट निम्मा होतो. लांब आरामखुर्च्यांवर सभासद पेपर वाचत होते, आतल्या टेबलांवर परीक्षेची तयारी करणारी मुलं होती. दीडशे वर्षांची इमारत अजून वाचायलाच वापरली जाते, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

मान वर करून छप्पर जरूर पाहा. मूळ उतरतं छप्पर मधल्या काळात काढून सपाट काँक्रीटचा स्लॅब टाकला होता. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब गेला आणि लाकडी कैच्यांवरचं, म्हणजे तिरप्या आधार-चौकटींवरचं, उतरतं छप्पर परत आलं. या कामाला २०२३मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. आमच्या उपनगरातल्या जुन्या वाचनालयांच्या विश्वस्तांनी एकदा हे छप्पर पाहून यावं, असं मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. हे सभासदांचं वाचनालय आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. थेट वर जाऊ नका, आधी काउंटरवर विचारा. आम्ही नीट विचारलं, लगेच होकार मिळाला. वाचणाऱ्यांचे फोटो काढू नका, मोबाईल सायलेंटवर ठेवा. मागच्या बाजूला बाग आहे, तीही विसरू नका. काळा घोडा महोत्सवात या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. कार्यक्रमांसाठी तेव्हा जरूर जा, पण वास्तू निवांत पाहायची असेल तर ते दिवस टाळा.

याच रांगेत वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी तिथे पहिल्यांदा पाहिली. जवळच्या गल्लीत केनेसेथ एलियाहू हे ससून घराण्यानेच बांधलेलं १८८४चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. तिथे सुरक्षा कडक असते, ओळखपत्र जवळ ठेवा. पायांत बळ उरलं तर परतताना दादाभाई नौरोजी रस्त्यावरची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या वाचनालयाची १८९८ची इमारत आणि तिथली रंगीत काचचित्रं पाहा. मात्र ज्येष्ठांना घेऊन आला असाल तर पाचच्या आत गाडी पकडा. ऑफिसं सुटली की सीएसएमटीला बसायला जागा मिळत नाही.