हेडसेटमध्ये लागलेले लक्ष वर्गात टिकते का?

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मला पालक हल्ली एक माहितीपत्रक हमखास दाखवतात. त्यावर डोळ्यांना हेडसेट लावलेले हसरे मूल असते आणि व्हीआरच्या (आभासी वास्तव, म्हणजे हेडसेटमधून दिसणाऱ्या संगणकीय जगाच्या) सत्रांनी एकाग्रता वाढवून देण्याचे आश्वासन असते. ज्यांच्या घरी ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा वहीतून वारंवार येतो, त्यांना हा मार्ग मोहात पाडणारच. तो पूर्णपणे पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या कामात या तंत्राने खरी चुणूक दाखवली, ते काम प्रशिक्षणाचे नसून मोजमापाचे आहे.

अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अल्बर्ट रिझो आणि सहकाऱ्यांनी 2000 सालाच्या आसपास एक आभासी वर्ग तयार केला. हेडसेट घातला की मूल बाकावर बसलेले असते, समोर बाई आणि फळा असतो. फळ्यावर एकेक इंग्रजी अक्षर उमटत जाते आणि ‘ए’च्या पाठोपाठ ‘एक्स’ आला तरच बटण दाबायचे असते. मध्येच खिडकीबाहेरून गाडी जाते, कागदी विमान उडत येते, दार उघडून कुणी आत शिरते. चुकलेले किंवा घाईने दाबलेले बटण तर नोंदले जातेच, शिवाय मान केव्हा आणि कुठे वळली हेही यंत्राला कळते. अक्षरांची ही चाचणी 1956 पासून प्रचारात आहे, परंतु शांत खोलीत एकट्या पडद्यासमोर दिलेल्या चाचणीत काही मुले छान निभावून नेतात आणि मग ‘डॉक्टरांपुढे अगदी शहाण्यासारखा बसला हो’ अशी आईची तक्रार कानी येते. आभासी वर्गात व्यत्ययासकट परीक्षा होते, हा त्याचा मोठा गुण.

मोजण्याचे साधनच उपचार म्हणून विकले जाऊ लागले की मला शंका येते. तेच काम रोज केल्यावर मूल त्या कामात तरबेज होते. गणिताच्या तासाला त्याचे लक्ष टिकेल की नाही, हा प्रश्न वेगळा. याचे बोलके उदाहरण व्हीआरचे नाही, टॅब्लेटवरच्या खेळाचे आहे. 8 ते 12 वयोगटातील एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता ही लक्षणे असलेली अवस्था) असलेल्या मुलांसाठीच्या ‘एंडेव्हरआरएक्स’ या खेळाला जून 2020 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. 348 मुलांच्या चाचणीत, हा खेळ खेळलेल्या मुलांचे संगणकावर मोजलेले अवधान तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारले. पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. तुलनेच्या गटाला शब्दांचा एक साधा खेळ दिला होता. परवानगी देतानाही हा खेळ व्यापक उपचारांचा एक भाग म्हणून वापरावा, असेच म्हटले होते.

याउलट, अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. एडीएचडी असलेल्या 16 ते 19 वर्षांच्या 152 मुलामुलींपैकी एका गटाला त्यांनी वाहनचालनाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, बसवले. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून अधिक काळ हटली की भोंगा वाजत असे. पुढे त्यांच्या खऱ्या गाड्यांत उपकरणे बसवून पाहिले, तेव्हा गाडीला जोराचा हिसका बसल्याच्या नोंदींपैकी अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात यांचे प्रमाण प्रशिक्षित गटात 3.4 टक्के, तर दुसऱ्या गटात 5.6 टक्के होते. इथे ‘एकाग्रता’ नावाची मोघम गोष्ट वाढवायला कुणी निघाले नव्हते. नजर रस्त्यावर ठेवणे ही एकच सवय लावली आणि ती रस्त्यावरच तपासली.

हेडसेटला स्वतःच्या मर्यादाही आहेत. सुमारे अर्धा किलो वजन लहान मानेवर येते, काहींना मळमळते, आणि काही उत्पादक दहा किंवा बारा वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये असे स्वतःच सांगतात. सहा वर्षांखालील मुलांसाठी तर अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वे औषधाच्याही आधी पालकांचे प्रशिक्षण सुचवतात; त्याची जाहिरात मात्र कुठे झळकत नाही.

म्हणून माहितीपत्रक घेऊन आलेल्या पालकांना मी केंद्राकडे दोन गोष्टी विचारायला सांगते. माझ्या मुलाची नेमकी कोणती सवय तुम्ही घडवणार आहात? आणि सत्रांच्या आधी व नंतर, त्या सत्रांची काहीच कल्पना नसलेल्या वर्गशिक्षिकेकडून तुम्ही निरीक्षणाचा तक्ता भरून घेणार आहात का? केवळ खेळातील वाढते गुण दाखवणाऱ्या केंद्राला पैसे भरण्याआधी थांबावे, असे माझे मत आहे.