तुम्ही विचारलंत म्हणून: निकेलला भट्टीत अठरा तास का?

"मॅडम, स्टील लाल करून तेलात टाकलं की संध्याकाळी जॉब हातात. तुमच्या इन्कोनेललाच १८ तास कशाला?" नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या किती जणांनी हे विचारलं असेल! त्यामागचं 'बिल वाढवायला ना?' हेही मला ऐकू येतं.

नाही हो. इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू) झटकन थंड केलं तर मऊच राहतं. त्यातलं निओबियम बारीक कण होऊन बाहेर यावं लागतं: ७१८ अंशांवर ८ तास, मग तासाला ५५ अंशांनी उतरत ६२१ वर, तिथे आणखी ८ तास. मधल्या उतरण्याचे दोनेक तास धरून झाले १८. यालाच एजिंग म्हणतात. तापलेल्या इंजिनात ताण सोसतात ते हे कण. भट्टीचं दार आधी उघडलं तर ते पुरते तयारच होत नाहीत.

शहाणपणा मीही केलाय. तेव्हा दुसऱ्याच्या भट्टीवर नोकरीला होते. रिंगांचा लॉट होता. एजिंगच्या आधीचं सोल्यूशन (जास्त तापवून घटक धातूत विरघळवणं) ९८० अंशांना करायचं, ते मी १०४० ला केलं. ग्रेनच्या (धातूतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमेवर निओबियमचे जाडसर कण असतात, त्यांना डेल्टा म्हणतात; डेल्टा म्हणजे वाया गेलेलं निओबियम, तो विरघळवला की ताकद वाढेल, असा माझा हिशोब. हार्डनेस ४३ आला. साहेब खूश, मी त्याहून खूश.

मग टेस्ट बार (त्याच धातूची नमुना दांडी) तपासायला गेला: ६४९ अंशांवर, ६९० मेगापास्कल ताणाखाली, निदान २३ तास टिकायला हवा. नवव्या तासाला तुटला, तोही बरोबर नॉचमध्ये, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या खाचेत. तुकडा हातात घेतला. तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं दाणेदार, त्यावर निळसर झाक. मायक्रोस्कोपखाली ग्रेन फुगलेले, सीमा कोऱ्या. ज्याला मी वाया गेलेला म्हणत होते, तो डेल्टाच ग्रेन आवरून धरत होता आणि नॉचपाशी तडा अडवत होता. फुगलेला ग्रेन पुन्हा फोर्जिंग केल्याशिवाय लहान होत नाही, आणि मशीनिंग झालेल्या रिंगचं कुठलं फोर्जिंग? अख्खा लॉट भंगारात.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, १०४० च्या पुढचं सोल्यूशनही स्पेसिफिकेशनमध्ये असतं. असतं, पण वेगळ्या जॉबसाठी. ती म्हणते, ड्रॉइंग मला कुणी दाखवलं होतं? नव्हतं दाखवलं. पण तू मागितलंस का? यावर ती गप्प होते, आणि मलाही बरं वाटत नाही.

१८ तासांहून कमी वेळात एजिंग जमेलही. 'जमणारच नाही' असं मी ठामपणे म्हणणार नाही. फक्त तुमच्या जॉबवर ते आधी करून बघणार नाही. त्याच हीटचे (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे) टेस्ट बार आणि ड्रॉइंग घेऊन या, मग बोलू.